झोपून राह्यली

माझं काम सांगितलं की अमरावतीत अर्धे लोक मला फौजेतला समजतात. “मी कर्नेलचं काम करतो,” असं एकदा राजापेठेतल्या आमच्या किराणावाल्याला बोलून गेलो. तेव्हापासून तो मला “सुट्टीवर कधी आले, साहेब?” म्हणून विचारतो. मीही आता समजावत बसत नाही.

इथे मात्र सांगावं लागेल. कॉम्प्युटर सुरू केला की सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि तोच पुढे पडद्याला, कीबोर्डला, आवाजाच्या चिपला, एकेकाला कामाला लावतो. तो कर्नेल. ज्या मशीनची त्याला ओळख आहे तिच्यावर तो नीट चालतो. ओळख नसली की स्पीकर मुका, नाहीतर पडदा काळा. कंपन्या आपल्या जुन्या मशीन तीन-चार वर्षांत वाऱ्यावर सोडतात. अशा टाकून दिलेल्या मशीनची कर्नेलला ओळख करून द्यायची, त्यासाठी त्याचा कोड उघडून त्यात फेरफार करायचे, हा माझा धंदा. यात मी चांगला आहे. नम्रपणा दाखवायचाच असेल तर दुसऱ्या कशात तरी दाखवीन.

अठरा वर्षं पुण्यात काढली. पहिल्याच महिन्यात ऑफिसात कोणीतरी विचारलं, काय चाललंय, आणि मी म्हणालो, “काम करून राहिलो.” अख्खी रांग हसली. “करून कुठे राहिलात?” असं एकानं विचारलं आणि तो विनोद पुढे वर्षभर पुरला. मी चिडका माणूस. आधी भांडलो, मग हट्टानं भाषाच बदलून टाकली. मले-तुले गेलं, काहून गेलं, करून राहिलो गेलं. घरून फोन आला तरी मी “करतोय” म्हणायला लागलो. आता घरी बसून काम करता येतं म्हणून तीन वर्षांपूर्वी अमरावतीला परत आलो, पण ही सवय काही सुटली नाही.

माझी ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकोल्याला मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, त्यातही व्याकरण. आमच्या वडिलांचं पौरोहित्य. मंत्र म्हणायला बसले की आवाज चौथ्या घरापर्यंत जायचा. तो आवाज मला नाही मिळाला, तिला मिळाला. ती वर्गात समास फोडायला लागली की खालच्या मजल्यावरच्या पोरींचाही अभ्यास व्हायचा. वर्गात भाषा शुद्ध, छापील. शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की तीच बाई, “काहून रे बाबू, कुठं चालला?” दोन्ही तिला सारख्याच येत, आणि कुठे काय बोलायचं यात तिची कधी गफलत झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती गळ्याच्या छिद्रातून श्वास घेते आणि त्यावर पांढरं पातळ कापड बांधते. डॉक्टरांनी ढेकर काढल्यासारखी हवा गिळून बोलायला शिकवलं. तिनं आठ महिने जिवाचा आटापिटा केला, पण नाही जमलं. मी तिच्यासमोर कधी रडलो नाही, आणि ते बरं केलं. रडलो असतो तर तिनं मला बाहेर काढलं असतं.

ती पुन्हा शाळेत जायला लागली तेव्हा प्रश्न आला की आता या बाईंना काम कोणतं द्यायचं. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. संचालक मंडळ म्हणालं, ग्रंथालय द्या, सन्मानानं राहतील. ताईनं मला फोनवर लिहून पाठवलं, “नऊ वर्षं बाकी हायेत माही. नऊ वर्षं मी पुस्तकाले पुठ्ठे चढवू?” मग तिनंच मार्ग काढला. मशीन बोलेल, मी शिकवीन. मंडळ म्हणालं, ठीक आहे, शाळा उघडली की दुसऱ्या शनिवारी एक तास आमच्यासमोर घेऊन दाखवा. जमला तर आठवी तुमची, नाहीतर ग्रंथालय. माझ्या बहिणीनं उरलेली नऊ वर्षं फळ्यासमोर काढायची की कपाटासमोर, हे त्या एका तासावर ठरणार होतं.

मशीन म्हणजे वहीएवढा एक लॅपटॉप. तिनंच पूर्वी कधीतरी गुणपत्रकं भरायला घेतलेला, स्वस्तातला. कंपनीनं त्याला कधीच वाऱ्यावर सोडलं होतं आणि त्यातली मूळची सिस्टीम एक वाक्य बोलायला इतका वेळ घ्यायची की पोरी तेवढ्यात डबा खाऊन येतील. मी म्हणालो, ताई, नवीन घेऊन देतो. नाही म्हणाली. ऑपरेशनपासून तिचा उजवा खांदा वर होत नाही, जड मशीन तिला पेलत नाही. मी म्हणालो, मग फोनवर कर. तेव्हा तिनं लिहिलं, “फोनवर लिवाले खाली पाहा लागते. खाली पाहून वर्ग सांभाळता येत नाही. या बटनांवर माही बोटं बसली हायेत. मी पोरींकडे पाहून लिवतो.” वऱ्हाडात बाई स्वतःबद्दल ‘करतो’, ‘लिवतो’ असंच म्हणते.

तेव्हा मी ती मशीन अमरावतीला आणली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर बसून उघडली. प्रत्येक मशीनच्या पोटात कंपनीनं तिचं नाव लिहून ठेवलेलं असतं, त्यावरून कर्नेल तिला ओळखतो. या मशीनच्या पोटात काय निघावं? ‘इथे कंपनीने नाव भरावे.’ भरायचं विसरले होते, भैताड. मग नावाऐवजी आतल्या तारखेवरून आणि चिपच्या नंबरावरून ओळख पटवली. आवाज निघत नव्हता, कारण कर्नेलला वाटायचं की कानात घालायची वायर कायम लावलेलीच आहे. तो सगळा आवाज त्या नसलेल्या वायरीत ओतायचा आणि स्पीकर गप्प. मी ती समजूत उलटी केली. एका शून्याचा एक केला, बस. पण कुठला शून्य, हे शोधायला अकरा दिवस लागले. असे अकरा दिवस मला आवडतात.

ताईला बोलावून घेतलं. मशीन तिच्यासमोर ठेवली आणि मी सांगायला लागलो, हे बटण असं, ते बटण तसं, आवाज इथून वाढतो. तिनं माझ्याकडे बघत बघत टाइप केलं आणि स्पीकरमधून बाईचा सपाट आवाज आला, “चूप बस.” मी चूप बसलो. मग दोघंही हसलो. ताई हसते तेव्हा आता आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. मी खूश होतो, आणि खरं सांगतो, स्वतःवर जास्त खूश होतो.

शाळा उघडली. ताई रिकाम्या वर्गात सराव करायला लागली. शनिवारच्या तासाला नऊ दिवस होते तेव्हा तिचा मेसेज आला, “मशीन झोपून राह्यली.”

मी वाचलं आणि मला लगेच समजलं. काय समजलं ते समजलं. मशीन झोपली की उठत नाही, तशीच पडून राहते. हा आमच्या धंद्यातला जुना रोग. झोपताना कर्नेल एकेका चिपला निजवतो आणि उठताना उलट्या क्रमानं उठवतो. त्यात एखादी चिप आडमुठी निघाली की सगळं अडतं. मी घरून तिच्या मशीनमध्ये शिरलो, तिला झोपवलं, ताईला बटण दाबायला लावलं, आणि खरंच, पडदा यायला चाळीस सेकंद लागले. सापडला चोर, म्हटलं. दोन दिवसांत नवीन कर्नेल पाठवला, मशीन वीस सेकंदांत उठायला लागली.

ताईचा मेसेज, “अजून झोपून राह्यली.”

आणखी दोन दिवस घासले. आता दोन सेकंद. याहून लवकर तर माणूसही उठत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज, “झोपून राह्यली. तुले समजून राह्यलं का?”

माझं डोकं फिरलं. मी चार्जर विचारला, प्लग विचारला, बटण नीट दाबतेस का विचारलं. ती प्रत्येकाला “हाव” म्हणे आणि खाली तेच वाक्य. शेवटी मी लिहिलं, “तुला नीट सांगता येत नाही का?”

हे मी लिहिलं. जिचा आवाज गेला त्या माझ्या बहिणीला. पाठवल्यावर दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग शुक्रवारी सकाळी बॅगेत लॅपटॉप टाकला आणि अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभाच होतो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

ताईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं ताट आणून समोर ठेवलं, वांग्याची भाजी, भाकर, वर तेलाची धार. राग आहे पण उपाशी ठेवणार नाही, असं आमच्याकडे असतं. जेवून मी मशीन घेतली. तासभर तिथेच बसून तपासली. झोपवली की झोपे, उठवली की उठे. काहीही दोष नाही. मी म्हणालो, “ताई, नीट तर चालतेय.” तिनं घड्याळाकडे बोट दाखवलं आणि साडी बदलून आली. चल, शाळेत चल.

शाळेत शेवटचा तास खेळाचा होता, आठवीचा वर्ग रिकामा. ताई फळ्यासमोर उभी राहिली. मशीन डाव्या हातावर, पुढची कड छातीला टेकवलेली, उजव्या हाताची बोटं बटणांवर. खांदा दुखतो म्हणून तिला तसंच धरता येतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. मशीन बोलली, “मुलींनो, आज आपण,” आणि गप्प. पडदा काळा. ताईनं बटण दाबलं, दोन सेकंदांत पडदा आला, “समासाचे,” आणि पुन्हा काळा. पुन्हा बटण, पुन्हा दोन सेकंद, “प्रकार.”

मी काय म्हणावं? मी म्हणालो, “पण उठतेय की झटकन!” अभिमानानं म्हणालो. माझ्या चार दिवसांच्या घासण्याचं फळ होतं ते.

ताईनं मशीन टेबलावर ठेवली. खडू घेतला आणि फळ्यावर, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, लिहिलं, “उठत नाही असं मी कधी म्हणलं?” त्याच्याखाली लिहिलं, “मशीन झोपून राह्यली.” त्याच्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, “काळ ओळखा.”

मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. उभं राहून म्हणालो, “अपूर्ण वर्तमानकाळ.”

पुण्याच्या कानानं वाचलं तर झोपून राहिली म्हणजे झोपली आणि तशीच पडून राहिली. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, अख्ख्या वऱ्हाडात झोपून राहिली म्हणजे झोपतेय. आत्ता, चालू कामात, घडी घडी. माझ्या आईनं लहानपणी माझ्याबद्दल ताईला हजार वेळा म्हटलं असेल, “पोट्टं झोपून राह्यलं, लवकर वाढ त्याले.” हे मला समजायला पाहिजे होतं. ताई पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती, एकच वाक्य, एकही शब्द न चुकता, आणि मी तिलाच विचारलं की तुला सांगता येत नाही का.

“ताई, चुकलं माझं,” मी म्हणालो. “मशीनचंही, आणि ते लिहिलं तेही.”

तिनं मशीन उठवली आणि टाइप केलं. सपाट आवाज आला, “हाव. चुकलंच.” मग तिनं खडूनं भरलेल्या हातानं माझी मान हलवली, दोन वेळा, जोरात. मला फार बरं वाटलं.

मग मी मशीनची रोजनिशी उघडली. कर्नेल आपण काय काय केलं ते सगळं लिहून ठेवतो. मी आठ दिवस त्यात फक्त उठण्याचा भाग वाचत होतो, कारण रोग मी आधीच ठरवला होता. प्रत्येक झोपेच्या वर एक ओळ होती, पहिल्या दिवसापासून होती. ‘झाकण बंद झाले.’ पण झाकण तर उघडं होतं. या मशीनच्या पुढच्या कडेत एक बारकी चिप असते. झाकणातलं चुंबक तिच्याजवळ आलं की ती कर्नेलला सांगते, झाकण लागलं, झोपा. घरी ती कधी फसली नाही. शाळेतच फसायची. मी ताईकडे बघितलं. तिच्या छातीवर शाळेची नावाची पट्टी होती. साडीला भोक पडू नये म्हणून अशा पट्टीला मागे पिन नसते, चुंबक असतं. मशीनची कड नेमकी त्या पट्टीला टेकत होती.

मी खदखदा हसलो. म्हणालो, “ताई, काही नाही, पट्टी काढ. झालं काम.”

ती हसली नाही. तिनं टाइप केलं, “पट्टी नाही काढत मी. तिच्यावर शिक्षिका लिवलं हाय.”

माझं हसू तिथेच थांबलं. बाकीचं सगळं तिचं काढून घेतलं होतं, ही पट्टी तेवढी राहिली होती. पट्टी बाजूला सरकवता आली असती, पदराच्या दुसऱ्या अंगाला लावता आली असती, पण मी ते बोललोही नाही. बाईला बदलायचं की मशीनला, हा प्रश्नच नव्हता. मी शिक्षकांच्या खोलीत बसलो आणि कर्नेलमध्ये लिहिलं की अशी अशी मशीन, जिचं नाव भरायचं राहून गेलंय, ती झाकण लागलं म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. दहा ओळीही नव्हत्या. शिपाई कुलपं लावायला आला तोवर ताई पट्टी लावून, मशीन छातीशी धरून त्या खोलीत तीन फेऱ्या मारून आली होती आणि मशीन बोलत होती. त्या दिवशी मी अकोल्यातच राहिलो.

शनिवारी सकाळची शाळा. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि मंडळाचे दोघं बसले. मी दाराबाहेर व्हरांड्यात, हातात माझा लॅपटॉप उघडा, काही बिघडलंच तर धावायचं म्हणून. मशीनचा पहिला शब्द निघाला तशा पोरी खुदखुदल्या. ताईनं लिहिणं थांबवलं नाही, नुसती मान वर करून एकेका बाकावरून नजर फिरवली. हसू विझलं. ती खाली बघतच नव्हती, आणि ती खाली बघत नाही हे पोरींनाही समजलं. मग तास सुरू झाला. मशीन थोडं बोले, ताई फळ्यावर लिही, पुन्हा मशीन बोले. मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

सतराव्या मिनिटाला आवाज थांबला.

ताई तशीच उभी, बोटं स्थिर. पाच सेकंद गेले, मग दहा. मंडळातल्या एकानं दुसऱ्याकडे बघितलं. मी दोन ढांगांत वर्गात शिरलो आणि मशीनवर हात टाकणार तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, “बाई, द्वंद्व समास.”

पडदा चालूच होता. मशीन झोपली नव्हती. बाईंनी प्रश्न विचारला होता आणि बाई उत्तराची वाट बघत होत्या.

ताईनं त्या पोरीला मान डोलावून शाबासकी दिली. मग माझ्याकडे बघितलं, तसंच बघत तिची बोटं चालली, आणि तो सपाट आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू गेला, “बाबू, बाहेर हो. माहा तास चालू हाय.”

वर्ग फुटला. मंडळाचे दोघंही हसले, मुख्याध्यापिका तोंडाला पदर लावून हसल्या. मी बाहेर झालो. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून लॅपटॉप बंद केला आणि मग मात्र रडलो, काय करणार. घंटा झाल्यावर मुख्याध्यापिका बाहेर आल्या. म्हणाल्या, सोमवारपासून आठवी तुमच्या ताईंची. मी ताईची वाट बघत थांबलो. ती बाहेर आलीच नाही. पुढच्या तासाच्या बाई रजेवर होत्या, तो तास तिनं कोणाला न विचारता सुरू केला होता.